नववी ‘ब’ने घरोघरी थाटलेले धंदे

शिक्षिकेच्या घरात जुन्या प्रश्नपत्रिका, लाल पेनं आणि किस्से आपोआप साठत जातात. पेनं हरवतात, प्रश्नपत्रिका रद्दीत जातात. किस्से मात्र रद्दीवालाही नेत नाही! म्हणून भेटेल त्याला मी ते वाटत सुटते. आज तुम्ही सापडलात, बसा.

संगमनेरच्या पुढे, प्रवरेकाठच्या एका गावात मी हायस्कूलला मराठी आणि कार्यानुभव शिकवते. कार्यानुभव म्हणजे वर्षानुवर्षं तेच, कागदाची फुलं आणि काथ्याचं पायपुसणं. एका वर्षी मला काय झालं कुणास ठाऊक, दिवाळीच्या सुट्टीआधी मी नववी ‘ब’ला सांगून बसले, "यंदा पायपुसणं नको. घरच्या घरी जमेल असा छोटा व्यवसाय सुरू करा!"

मुख्याध्यापक एवढंच म्हणाले, "मॅडम, पालक आले तर तुम्ही भेटायचं."

* * *

पहिला बोर्ड सुट्टीच्या पहिल्याच दिवशी लागला. रोहनने फाटकाला पुठ्ठा टांगला होता : ‘येथे सर्व कामे होतील.’

मी कौतुकाने स्कूटी थांबवली. "अरे वा! गाडी धुऊन देशील?"

"आज नळाला पानी न्हाई, मॅडम."

"बरं, माझा मोबाईल सारखा हँग होतोय."

"त्याला दादा लागंल. दादा पुन्याला हाय."

"मग तू नक्की काय करतोस?"

रोहन ताठ उभा राहिला. "मी ऑर्डर घेतो!"

* * *

तनुजा मेंदी सुंदर काढते. तिला पहिलीच ऑर्डर मिळाली ती थेट नवरीची, शेजारच्या वैशालीताईची. कोपरापर्यंत मोर, कोयऱ्या, सनई-चौघडे, सगळं झालं. तळहातावर मधोमध जागा सोडली आणि तिने विचारलं, "ताई, भाऊजींचं नाव काय?"

वैशालीताई लाजली. "नाव मी उद्या उखाण्यातच घेनार!"

तनुजाने नवरीच्या आईला विचारावं तर त्या आचाऱ्याशी भांडत होत्या. आजीला विचारलं तर आजी म्हणाली, "नवऱ्याचं नाव घेत्यात व्हय गं? अहो म्हनायचं."

कोन सुकत चालला होता. तनुजाने जीव मुठीत धरून, वळणदार अक्षरात लिहून टाकलं : ‘अहो’.

घरी आल्यावर मात्र आपण काय लिहून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या पंगतीलाही जाईना. मीच हाताला धरून तिला मांडवात नेलं. नेमका तेव्हाच नवरदेव नवरीच्या हातावर आपलं नाव शोधत होता. करवल्या भोवती गोळा झालेल्या. तनुजा माझ्या पदराआड.

शेवटी त्याला अक्षरं सापडली आणि त्याने मोठ्याने वाचलं, "अहो!"

वैशालीताई पटकन म्हणाली, "काय?"

मांडवात हशा फुटला! एक मावशी तर खुर्चीवरून घसरली. "आगं बया, पहिल्याच दिवशी नवरा बायकोला अहो म्हनाया लागला!"

त्या हंगामात तनुजाला जेवढ्या ऑर्डरी आल्या, त्या सगळ्यांची एकच अट. "नाव नको. तेच काढ!"

* * *

ओंकारने पहिली-दुसरीच्या मुलांची शिकवणी सुरू केली. आठवड्यात चौदा पोरं! सुट्टीतसुद्धा एकही पोर दांडी मारत नव्हतं. आम्ही शिक्षक हजेरीसाठी वर्षभर डोकं फोडतो, म्हणून मी त्याचं गुपित बघायला गेले.

गुपित पडवीत उड्या मारत होतं. ओंकारच्या शेळीला दोन करडं झाली होती. पोरं पाटी घेऊन यायची, एक बेरीज करायची आणि करडाला मांडीवर घ्यायची. दोन बेरजा केल्या तर पाला भरवायला मिळायचा.

मी तिथंच उभी असताना एका मुलाचे वडील तावातावाने आले. "मास्तर! पंधरा दिस झाले. आमच्या बंड्याला अजून बाराखडी येत न्हाई!"

ओंकार घाबरला, पण मागे हटला नाही. "मग काय येतंय, काका?"

"काल त्यानं आमच्या शेळीचं दूध काडलं की!" म्हणता म्हणता त्यांचा आवाजच बदलला. "आन् ती मलाबी जवळ येऊ देत न्हाई. तुमी मोठ्या मानसांची बॅच घेता का?"

* * *

अलिशाच्या घरी नाताळात केक होतो, त्यामुळे ओव्हन होता. तिने केकच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आणि पहिलाच पेच पडला. गल्लीतल्या रामभाऊ आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस नेमका एकादशीला आला. नाती म्हणाल्या, "केक तर पाहिजे, पण उपवासाचा!"

अलिशाने उपवासाच्या पदार्थांची यादी माझ्याकडून लिहून नेली आणि राजगिरा, शिंगाडा, भगर, साबुदाणा सगळं एकत्र करून भाजलं. केक दिसायला देखणा झाला. वर खोबऱ्याचा कीस, बदामाची फुलं.

अख्खी गल्ली जमली. आजोबांनी सुरी टेकवली. सुरी वाकली.

मोठी सुरी आणली. तीही घसरली. कुणीतरी हसलं. अलिशाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी, शिक्षिका असूनही, भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

मग पोरीने डोळे पुसले, सरळ आत गेली आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन आली. "आजोबा, हा कापायचा केक नाही. फोडायचा आहे!"

आजोबांची कळी खुलली. त्यांनी धोतर सावरलं, बत्ता डोक्यावर नेला आणि असा हाणला की एक तुकडा थेट सरपंचांच्या खिशात! त्यांनी तो तिथल्या तिथे चाखून बघितला. "चव लई भारी हाय. पन दात कुनाचे लावायचे?"

* * *

आणि गौरी. वर्गातला सगळ्यात मोठा आवाज तिचा. "गौरी, हळू!" हे मी दिवसातून दहा वेळा तरी म्हणत असेन. टेम्पोतून भाजी विकणाऱ्या शंकरमामांचा घसा बसला, तेव्हा ती धावत माझ्याकडे आली. "मॅडम, माझा आवाज कुनाला तरी पायजे हाय!" तिचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली.

तिने मोबाईलवर रेकॉर्डिंग करून दिलं. शंकरमामांनी न ऐकताच ते स्पीकरला जोडलं आणि गावात टेम्पो फिरू लागला : "कांदे घ्या, बटाटे घ्या, ताजी मेथी घ्या..." आणि पाठोपाठ गौरीच्या आईचा आवाज, "आगं कार्टे, दूध उतू गेलं! गॅस बंद कर!"

गल्लीगल्लीतल्या बायका आधी स्वयंपाकघरात धावल्या, मग टेम्पोवाल्याला चार शब्द सुनावायला बाहेर आल्या. बाहेर आल्याच आहेत तर मेथी घेऊन गेल्या! दुपारपर्यंत टेम्पो रिकामा.

गौरी शरमून दुसरं रेकॉर्डिंग घेऊन गेली, तर शंकरमामा हात जोडून म्हणाले, "तुझं ऱ्हाऊ दे. आईला इचार, अजून काय काय बोलती."

गौरी रडवेली होऊन माझ्याकडे आली. "मॅडम, माझ्याच धंद्यातून मला काडलं!"

मी समजूत घालायला तिच्या घरी गेले. तोवर मायलेकींची भागीदारी ठरली होती. दोघी एका गोधडीत डोक्यापर्यंत गुरफटून बसल्या होत्या. रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा आवाज नको म्हणून! मी उंबऱ्यातून दोन पावलं आत टाकली तोच गोधडीची कड उचलली गेली, दोन डोळे चमकले आणि गौरीची आई काहीतरी ओरडली. मी मुकाट्याने मागे फिरले.

सोमवारी सकाळी मी दारात पर्स घेऊन शाळेला निघाले होते. कोपऱ्यावरून टेम्पो वळला. मायलेकींचा आवाज साऱ्या गल्लीत घुमला :

"लसूण घ्या, आलं घ्या, हिरवीगार कोथिंबीर घ्या... ओ मॅडम, आत्ताच सारवलंय! चप्पल भाईर काडा!"

शेजारपाजारच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

मी चप्पल काढली.