आवाज न करणारा कॅमेरा आणि आत्या

जुना कॅमेरा विकून घेतलेला नवा डिजिटल कॅमेरा आज नंदनवनला आत्याकडे नेला. याच्या शटरचा आवाजच येत नाही. दहा फोटो झाले तरी आत्या संशयानं माझ्या बोटाकडेच बघत होती.

"खरंच काढून राहिला का गा?"

"काढून राहिलो ना, आत्या."

"तुहा बापही असंच म्हणे. माह्या लग्नात रोल संपला, तरी नुसता फ्लॅश मारत राहिला. मायसंगचा माहा एकच फोटो होता तो, तोही निघाला नाही."

मी कॅमेऱ्याचा मेनू उघडला. खूप शोधून आवाजाचं सेटिंग सापडलं. खटक्! तिनं लगेच हात पुढे केला, "दाखव."

बाबा तर आयुष्यभर सांगायचे, तो फोटो धुताना खराब झाला.

मंडळी, तुमच्याही घरी एखादा फोटो असाच 'धुताना खराब झालाय' का?