विधवांचं खळं

माझी मावशी डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील आणि करंदी सुकवायची आणि वाणगावच्या बाजारात नेऊन विकायची. मूलबाळ नव्हतं. मावसा तरणाताठा असताना बोटीवर गेला, तो परत आलाच नाही. तिच्याजवळ राहिलं एक घर आणि पुळणीला लागून असलेलं खळं, म्हणजे मासळी वाळत घालायची जागा.

आमच्याकडे मच्छीमारांचं मंडळ आहे. कुणाचा माणूस समुद्राने नेला, की मंडळातल्या बोटी त्या घराला मासळीचा वाटा देतात. मावशीलाही तो मिळाला होता. "त्या वाट्यावर मी उभी राहिले," असं ती नेहमी म्हणायची. म्हणून अंथरुणाला खिळल्यावर तिनं ठरवलं, आपलं खळं मंडळाला द्यायचं, बायकांसाठी, मासळी वाळवायला.

मी तेव्हा तलासरीला आश्रमशाळेत शिकवत होते. घरी यायचे ती रविवारी. बाकी सगळे दिवस मावशीचं केलं ते शेजारच्या ताईनं. ताईचा नवरा मंडळाचाच सभासद, खलाशी म्हणून पोरबंदरच्या बोटींवर गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. पदरात दोन मुली. ती लोकांच्या खळ्यावर मजुरी करायची, आणि घरी जायच्या आधी मावशीला पुसून काढायची, पेज भरवायची.

एका रविवारी मावशी मला म्हणाली, "जिला कोणी नाय ना गो, तिच्यासाठी हे खळं. आधी हिला."

ताई तिथेच तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबले.

पुढे वकील घरी येऊन मृत्युपत्र करून गेला. त्यात शब्द पडले, "मंडळातील सभासदांच्या विधवांसाठी." मावशीला वाचता येत नव्हतं. वकिलानं वाचून दाखवलंच असणार. पण तिच्या लेखी विधवा आणि जिला कोणी नाही ती, यात फरकच नव्हता. ती स्वतः तशीच जगली होती.

मावशी गेल्यावर मंडळाची बैठक झाली. मी सुट्टी टाकून गेले. ताई दाराशी उभी होती. मी मावशीचं बोलणं सांगितलं. अध्यक्ष माझ्या वडलांचे दोस्त, त्यांना मी काकाच म्हणते. ते म्हणाले, "पोरी, ती बोलली असेल. पण अंगठा तिनं ह्याच्यावर दिलाय. उद्या कोणी कोर्टात गेला तर मी काय सांगू?"

मागून एक जण म्हणाला, "आणि हिचा नवरा जित्ता हाय. उद्या परत आला म्हणजे?"

"इतक्या वर्षांत आला का?" मी विचारलं.

दोन विधवा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांतली एक हळूच म्हणाली, "आमालाच जागा पुरत नाय." तेही खोटं नव्हतं. मी पुन्हा बोलायला लागले तेव्हा ताईनं माझा हात धरला. "चल, नळाला पाणी येईल," म्हणाली आणि बाहेर पडली.

महिन्याभरात ती उंबरगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायला लागली. अंधारात निघायची, अंधारात परतायची. घर सांभाळायला थोरलीनं शाळा सोडली. मी तिला तलासरीला आणते म्हटलं, पण ताईनं ऐकलं नाही.

गेल्या वर्षी पोरबंदरहून फोन आला. नवरा गेला होता, कसल्याशा आजारानं. अग्नीही तिकडच्यांनीच दिला. ताईनं बांगड्या काढून ठेवल्या, कपाळ पुसलं. रडली नाही.

तेरावं झालं त्या दिवशी काका घरी आले. मीही होते. ते म्हणाले, "बाय, आता तुझं नाव लावायला अडचण नाय. मी सगळ्यांशी बोललोय." त्यांच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्यासारखं दिसत होतं. वाईट माणूस नाही तो.

ताईनं त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तो मेला म्हणून?"

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. थोरली मुलगी चहा घेऊन आली, तो तसाच निवला.

मला वाटलं, ही आता नाही म्हणणार. पण कारखान्यात उभं राहून तिची पाठ गेली होती. पुढच्या हंगामात तिनं जागा घेतली. मी गेले तेव्हा ती बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या दोरीवर टाकत होती. मी विचारलं, "बरं वाटतंय ना, ताई?"

"मावशीला ही अट कळली असती," ती म्हणाली, "तर तिनं हे खळं विकून खाल्लं असतं."

मंडळानं ती अट अजून तशीच ठेवली आहे. यंदा आमच्या आळीतली आणखी एक जण, जिचा नवरा वेरावळलाच संसार थाटून राहिलाय, पहाटे उंबरगावला जायला लागली आहे.