वाळक्या देवदारातलं लाल डोकं

परवा सकाळी हातातला हातोडा गळून पडायचाच बाकी होता...

मी तळेगावचा, आपल्या वर्धा जिल्ह्यातला. सध्या पार हिमाचलात, विजेच्या लाइनीखालची झाडं कापायच्या कामावर आहे. परवा एक वाळका देवदार पाडायचा होता.

आमच्या वावरात वाळकं झाड तोडायच्या आधी बाबा कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं दोन ठोके मारतात अन् खोडाला कान लावतात... आत कोणी राहते काय म्हणून. मी हसायचो त्यांना. इथं तर हातात करवतीची मशीन, ठोके कोण मारतो?

जवळपास अर्धं खोड कापलं. मशीन बंद करून कापलेल्या फटीत हातोड्यानं पाचर ठोकली... तर वरच्या गोल भोकातून लालभडक डोकं बाहेर आलं. सरळ माझ्याकडे बघत!

सुतार पक्षी... पण आपल्याकडच्या सोनेरी पाठीचा नाही. पाठ काळी, खांद्यावर पांढरा डाग, शेपटीखाली परत लाल. उडून समोरच्या झाडाला शेपटीचा टेकू देऊन चिकटला आणि ओरडायला लागला. तेवढ्यात मादी आली, तिचं डोकं काळं, चोचीत अळ्या. अन् भोकातून पिल्लांची चिरचिर... थांबेचना.

मी हातोडा खाली ठेवला.

आमचे मुकादम गोपालभाऊ आष्टीकडचे. उताराच्या खालूनच ओरडले, "काऊन थांबला बे? पाखराइचं बारसं करून राह्यला काय?"

"भाऊ, आत पिल्लं हायेत... अन् म्या अर्धं कापून टाकलं."

ते वर आले, खोडाला कान लावला. मग म्हणाले, "दोर आण."

दोन्ही बाजूच्या जित्या देवदारांना दोर ताणून ते झाड बांधलं. पिल्लं उडेपर्यंत दुसरीकडचं काम.

संध्याकाळी बाबांना फोन केला. वाटलं, आता शिव्या बसतात. ते एवढंच म्हणाले, "रोज जाऊन दोर पाहत जाजो."

दोन महिनेही कुठं न टिकणारा मी... सोमवारी काम सोडून गावाकडे निघणार होतो. तिकीट कॅन्सल केलं.

आज सकाळी दोर तपासायला गेलो, तर भोकातून एक छोटं डोकं डोकावलं. त्यालाही लाल टोपी!

दोन ठोके मारायला कितीसा वेळ लागला असता हो... बाबा, दोर अजून ताठ आहे.