समोर दिसेल तेच

हौसेनं चित्रं काढू लागलं की चित्रं थोडी जमतात, किस्से फार! कराडात आम्हा तिघांचं तसंच झालं. मी कचेरीतला कारकून, बापूसाहेब निवृत्त ओव्हरसियर आणि गणू शिंपी. शिकवणारं कोणी नाही. नियम एकच, समोर दिसेल तेच काढायचं. आणि आस एवढीच, की बघणाऱ्यानं ते ओळखावं.

गणूनं एकदा म्हैस काढायला घेतली. चार पाय होईपर्यंत ती चालती झाली. मागं धोंडा होता. नियमाप्रमाणं पायांवर त्यानं तोच काढला. म्हशीचा मालक बघून म्हणाला, "गड्या, ही दूध किती देती रं?"

बेचाळीसच्या धामधुमीत नदीवरचा पूल काढताना फौजदारानं मला धरलं. म्हणे घातपाताचा नकाशा! चौकीत त्यानं वही उलटसुलट करून पाहिली.

"सोडा ह्यांना," तो शिपायाला म्हणाला, "ह्यावरनं पूल कुणालाच सापडायचा नाही."

सुटलो, पण का सुटलो ते घरी सांगवेना.

लढाईमुळं विलायती रंग मिळेनासे झाले. निळ्याची शेवटची वडी बापूसाहेबांकडं. "चांगलं चित्र जमेल त्या दिवशी फोडीन," म्हणायचे. तोवर आमची सगळी आभाळं राखाडी! चित्र जमायच्या आधीच ते वारले. तेराव्यानंतर भीत भीत वडीची चौकशी केली. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "अगंबाई, ती होय? नीळ समजून मामंजींच्या धोतराला घातली. दान द्यायचं होतं ना ते!"

पुढच्या वर्षी नदीपल्याडच्या हौसाबाई आल्या. त्यांचा थोरला, मारुती, लढाईत गेला. तार आली होती. घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

"बाई, मी समोर असेल तेच काढतो," मी म्हटलं.

"मग आमी बसतो की म्होरं! नाक बापाचं, हनुवटी धाकल्याची, डोळं माझं. त्योच हुईल."

तीन रविवार ती तिघं माझ्यापुढं बसली. बापाचं नाक उतरवलं, धाकट्याची हनुवटी उतरवली. शेवटी हौसाबाईंचे डोळे. जन्मात पहिल्यांदा मला चेहरा जमला. बाप म्हणाला, "त्योच!" धाकटा उठून बाहेर गेला.

हौसाबाईंनी कागद हातात घेतला. पुष्कळ वेळ पाहिला.

"आवं भाऊसाहेब, समदं त्येचंच हाय. पर जाताना त्यो हासत व्हता. ह्यो का रडतूय?"