आपल्या भाषेत समजवा

माणसं टिकवणं हे माझं काम. दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनतात, तिथे एचआरमध्ये मी बारा वर्षं आहे. माणूस टिकावा म्हणून आम्ही काय काय करतो ते ऐकलंत तर हसाल. वाढदिवसाला केक कापतो. गेटवर 'हम सब एक परिवार हैं' असा फलक लावलाय. शुक्रवारी ऑपरेटरांना झुंबा करायला लावतो. आठ तास पत्रा दाबायच्या प्रेसवर उभं राहिलेल्या माणसाला झुंबा! ही कल्पना ज्या सल्लागाराची, त्याला एक पाळी प्रेसवर उभा करावा असं मला दर शुक्रवारी वाटतं.

टूलरूममध्ये एक डायमेकर होता, पत्र्याला आकार देणाऱ्या डाय म्हणजे साचे बनवणारा, इचलकरंजीकडचा. होता म्हणते खरी, आहे अजून, आणि तेच तर दुखणं आहे. पत्र्याच्या तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला की पत्रा कापणारा कुठला पंच बोथट झालाय ते तो सांगायचा. चार लोकांत मला मॅडम म्हणायचा, कुणी नसलं की ताई. सगळ्या कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. कँटीनच्या राजम्याला तो अस्सल कोल्हापुरी शिव्या घालायचा आणि माझा दिवस बरा जायचा.

मागच्या वर्षी त्यानं राजीनामा दिला. चाकणला नोकरी मिळाली होती. काही मोठी उडी नव्हती. गावाकडे वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि चाकणहून दर रविवारी गावी जाता आलं असतं, एवढंच. इथून तो रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांना फोन करायचा. ते जड जिभेनं विचारायचे, "काय जेवलास?" आणि हा पठ्ठ्या राजम्याला तांबडा रस्सा म्हणून सांगायचा.

प्लांट हेडनं मला केबिनमध्ये बोलावलं. नवी लाइन सुरू व्हायची होती आणि तिच्या सगळ्या डाय या एका माणसाच्या हातात.

"ये गया तो लाइन गई, मैडम. आपका मराठी आदमी है, अपनी भाषा में समझाइए. कहिए छह महीने रुक जाए. पुणे में अपना प्लांट आ रहा है, वहाँ टूलरूम इसी को देंगे."

मला हे पटलं. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. कारखान्याचं काम होईल आणि आपला माणूस मानानं घराजवळ जाईल, असं वाटलं. रविवारी त्याला घरी जेवायला बोलावलं. माझा नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, आम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहतो. चांगलं ज्वारीचं पीठ मिळवायला मी दोन बाजार फिरले होते. भाकरी, पिठलं, खरडा केला. माझी लेक दिल्लीतच वाढलेली, ती म्हणाली, "काका, यार, थोडी और घ्या ना भाकरी," आणि तो किती दिवसांनी मोकळा हसला. त्याचं पान भरलेलं असतानाच मी विषय काढला.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, हे लेखी मिळेल का?"

प्रश्न रास्त होता. प्लांट हेड अशा गोष्टी लेखी देत नाही हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर मी मागितलंच नव्हतं. मी म्हणाले, "अरे, मी सांगतेय ना. आपलीच माणसं आपल्याला फसवतील का?"

सोमवारी त्यानं राजीनामा मागे घेतला. चाकणच्या लोकांनी आठवडाभरात दुसरा माणूस घेतला.

पाच महिन्यांनी मोठी मीटिंग झाली. माणसं सोडून जाण्याचं प्रमाण घटलं म्हणून माझा सत्कार झाला, हातात काचेची एक जाडजूड पट्टी दिली. त्यानंतरच्या स्लाइडवर पुण्याचा प्लांट रद्द असल्याचं लिहिलं होतं आणि निर्णयाची तारीख होती माझ्या घरच्या त्या जेवणाच्या आधीची. मी ती दोनदा वाचली. बाहेर येऊन प्लांट हेडला गाठलं आणि विचारलं, "सर, आपको पता था?"

"तो क्या हुआ? रुक तो गया ना. आपने बहुत अच्छे से हैंडल किया."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉरिडॉरमध्ये मी तोंडाला येईल ते बोलले. तो फोनकडे बघत म्हणाला, "आप इमोशनल हो रही हैं." केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापायला त्यानं मला वापरलं होतं. या माणसाला मी जन्मात माफ करणार नाही. पण रोज सकाळी त्याला गुड मॉर्निंग म्हणते. नोकरी सोडली नाही. लेकीचं बारावीचं वर्ष, इथे दुसरीकडे कुठे बघायचं, अशी कारणं मला पाठ आहेत. दुसऱ्या कुणी ती सांगितली असती तर मी त्याला सोलून काढलं असतं.

त्याहून वाईट म्हणजे मी डायमेकरला यातलं काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत दोन आठवडे काढले. तेवढ्यात त्याच्या वडिलांना दुसरा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. तो पंधरा दिवस गावी राहून आला आणि पुण्याची बातमी त्याला स्टोअरवाल्याकडून कळली.

मग मला जावंच लागलं. टूलरूममध्ये तो ग्राइंडरवर होता, आजूबाजूला आणखी चौघं. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "बाबा कसे आहेत रे?"

त्यानं मशीन बंद केलं, गॉगल काढला. "ठीक हैं, मैडम."

इतक्या वर्षांत तो माझ्याशी एकदाही हिंदीत बोलला नव्हता. मी म्हणाले, "माझं ऐक, मला खरंच माहीत नव्हतं. पाच मिनिटं बाहेर ये, तुला सगळं सांगते."

"यहीं बोलिए, मैडम. और हिंदी में बोलिए, ताकि ये चारों भी सुन लें."

आवाज चढलेला नव्हता. चौघांनी हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. हिंदी मला उत्तम येते, रोज दिवसभर मी तीच बोलते. त्या चौघांच्या देखत सांगता येईल असं एक वाक्य मी शोधत राहिले आणि मला ते सापडलं नाही.