सोलकढीच्या वाट्या

माझ्या वाटीला भेग जात नाही. हे मी कुणालाही तोंडावर सांगते, आणि कुणी नाक मुरडलं तर त्याच वाटीतून सोलकढी पाजते. फुशारकी वाटली तर वाटो. कमावलेली आहे ती.

आमचं घर कुंभाराचं, रत्नागिरीहून राजापूरच्या वाटेला, रस्त्यापासून थोडं आत. चाकावर सासरे बसतात. त्यांनी घडवलेल्या भांड्यांवर ग्लेझ चढवायचं, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर द्यायचा, ते काम मी शिकून घेतलं. पावसच्या एका बाईंनी त्यांच्या खाणावळीसाठी बारा वाट्या नेल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, बिनशिशाच्या ग्लेझच्या. पंधरा दिवसांत बाराच्या बारा परत! आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गुलाबी रेषा, आणि बुडातून कोकमाचं पाणी पाझरलेलं.

"दिसायला छान आहेत हो," त्या भिडेखातर म्हणाल्या, "पण टेबलावर गोल डाग पडतात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंची पाठ फिरल्याबरोबर मी मला ग्लेझ शिकवलेल्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "तुमची माती ग्लेझची नाहीच. भट्टी थंड होताना माती कमी आकसते, ग्लेझ जास्त. आटलेला ब्लाऊज अंगावर उसवतो ना, तसं ते ताण बसून तडकतं. तयार मातीची पोती मागवा, सुटाल."

फोनचा स्पीकर चालू होता आणि सासरे शेजारीच बसले होते. ही माती आमच्या भातखाचराच्या कडेची. दरवर्षी कापणी झाली की ते तिथे खणतात, त्यांचे वडीलही तिथेच खणत. सासरे उठले, कुदळ धुतली, पुसली आणि माळ्यावर टाकली. जेवताना एवढंच म्हणाले, "आण गो पोत्यातली. माझं काय काम आता?"

पोती दारात आली असती तर तो माणूस चाकावरून उठला असता, कायमचा. मनात म्हटलं, सर गेले खड्ड्यात, ही माती मी नापास होऊ देणार नाही.

तरी सरांनी पूर्वी शिकवलेलं एक लक्षात होतं: मातीत गारेची, म्हणजे पांढऱ्या गारगोटीची, पूड मिसळली तर भेगा कमी होतात. गारेची पूड म्हणजे वाळूच की! आणि कोकणात राहून वाळू विकत घ्यायची? माहेरी गुहागरला गेले होते, तिथून येताना समुद्रावरची दोन डबे वाळू आणली. गोड्या पाण्यात धुतली, चाळली, मातीत मळली. सासऱ्यांच्या मागे लागून लागून सहा वाट्या करून घेतल्या. भट्टी उघडली तर एक रेष नाही! मी घरभर मिरवले.

आठव्या दिवशी कपाटातून 'टक्' असा आवाज आला. मग आणखी एक. उघडून बघते तर वाट्यांवरच्या ग्लेझच्या टिकल्या उडालेल्या, आणि प्रत्येक खड्ड्यात एक पांढरा ठिपका.

सासऱ्यांनी तो ठिपका नखानं उकरला, बोटांत चुरडला आणि कितीतरी दिवसांनी खो खो हसले. "अगो, शिंपल्या भाजल्यास तू! चुना केलास, चुना! आता पानाला लाव."

समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. तो भाजला की चुना होतो, आणि आमच्या दमट हवेत चुना फुगतो. समुद्राकाठी वाढलेली मी, आणि मला हे सुचू नये? मान वर होईना.

पण त्या हसण्यानं त्यांची जीभ सुटली. "गारच हवी ना तुला? मग भाताच्या तुसाची राख बघ. तिनं दात घासले की हिरड्या सोलतात, गारेसारखी कडक. आणि ती मातीत नको, तुझ्या काचेत घाल. माझ्या मातीला काय झालाय? तुझी काच आखूड पडते."

गिरणीतून तूस आणलं. पांढरं फेक होईस्तोवर जाळलं, राख वस्त्रगाळ केली. सासऱ्यांच्या सहा पणत्या घेतल्या. वाटीभर ग्लेझमध्ये पहिलीला एक चमचा राख, दुसरीला दोन, असं करत सहापर्यंत. भाजून काढल्यावर पहिल्या तिघींवर रेषा. शेवटच्या दोघींवर ग्लेझ नीट वितळलंच नाही, वाळलेल्या पेजेसारखं खरखरीत. चौथी मात्र लख्ख!

त्या मापानं बारा वाट्या केल्या. एकीत सासऱ्यांनी स्वतः कोकमाचं आगळ ओतलं. दुसऱ्या दिवशी मी ती रिकामी करायला गेले तर ओरडले, "राहू दे. तुझ्या वाळूनं आठ दिवस घेतले होते." मग आठ दिवस रोज ताजं आगळ. नवव्या दिवशी मी वाटी धुतली आणि उन्हात धरली. रेष नाही. बूड कोरडं. कपाटातल्या बाकीच्या अकराही गप्प.

मडकं विकण्याआधी सासरे ते बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. माझ्या ग्लेझच्या भांड्याला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं, "काचेला काय वाजवायचा?" म्हणायचे. त्या दिवशी वाजवलं. खणखणीत आवाज आला. मग उगाचच पुन्हा वाजवलं.

पावसच्या बाई वाट्या न्यायला आल्या. एक वाटी उलटसुलट करत म्हणाल्या, "छान निघाली हो. ही माती कुठून मागवलीत?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या दारानं सासरे आत आले. पाय मातीनं भरलेले, खांद्यावर कुदळ.

"मागवतो कशाला?" ते म्हणाले. "माती आमची. सून तिच्या मापाची काच शिवते."

माझा ऊर असा भरून आला की बाईंना पाणी विचारायचंही राहून गेलं.