पापडाची साक्ष

आमच्या आष्टीकडे येऊन जातो तो पाऊस, आणि येऊन बसते ती झड. पावसाचं कोणाला फारसं काही वाटत नाही. झड लागली की मात्र घरातली बाई कंबर कसते. ऊन दिसत नाही, धुतलेलं वाळत नाही आणि मातीच्या भिंती खालून वर पाणी प्यायला लागतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी, अशाच एका श्रावणात, मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते.

माझं सासर वर्ध्याला लागून, सिंदी मेघ्यात. तिथलं घर स्लॅबचं, माहेरचं मातीचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. सासूबाईंनी मला पाठवलं खरं, पण आई न्यायला आली तेव्हा तिला बजावलं होतं, "पहिलं बाळंतपण माहेरचं, मी नाई म्हणत नाई. पण झडीत मातीच्या घरात बाळंतीण म्हणजे जिवाले घोर. मी येऊन पाहीन. खोलीत ओल दिसली तर बाळ-बाळंतिणीला घेऊन जाईन." सासूबाई बोलल्या तसं करणाऱ्या होत्या. त्यांचंही चुकीचं नव्हतं म्हणा.

आईला मी एकुलती एक. बाळंतीण अर्ध्यातून नेली तर गावात नाक कापलं जाईल, हे होतंच. पण ते ती मागून सांगायची. आधी म्हणायची, "सव्वा महिना तरी तुले माह्या हातचं खाऊ घालतो. मंग तू कधी अशी राहाले येतं?" ते ऐकलं की मला रडू यायचं आणि ती म्हणायची, रडू नको, आधीच घरात ओल कमी नाई.

लेक झाली आणि झड लागली.

आई दर पावसाळ्यात प्रत्येक खोलीत एक कच्चा पापड ठेवायची. उन्हाळ्यात लाटलेला, खडखडीत वाळलेला उडदाचा पापड. जिथं पापड कडकन मोडतो ती खोली कोरडी. जिथं तो सादळून लवतो तिथं ओल शिरली. भिंत हाताला फसवते, नाक सर्दीत बंद असतं, पण पापड खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं होतं. माझ्या बाजेखालच्या पापडाचा ती रोज सकाळी एक तुकडा मोडायची, आवाज ऐकायची आणि तो तुकडा तसाच तोंडात टाकायची. आवाज जरा जरी मऊ आला तरी तिचा चेहरा पडायचा. मग दिवसभर आम्हा सगळ्यांची धडगत नसे.

त्या खोलीत तिनं काय काय केलं ते मी बाजेवर पडल्या पडल्या पाहिलं आणि थक्क झाले. आजही होते. पावसाच्या तोंडच्या भिंतीला तिनं बाहेरून तुराट्यांचा आडोसा बांधून ठेवला होता. झडीत सारवण बंद, कारण सारवणाचं पाणी म्हणजे पुन्हा ओलच. त्याऐवजी चुलीतली राख चाळून जमिनीवर पसरायची, राखेनं ओल ओढली की झाडून काढायची, आणि पुन्हा नवी राख. घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर पालथी बांबूची टोपली, टोपलीवर बाळाची दुपटी. विस्तवात चिमूटभर ओवा. दुपटं वाळलं की ती आधी स्वतःच्या गालाला लावायची आणि मगच बाळाला गुंडाळायची. बाबा शेतातून आले की काळ्या मातीनं त्यांचे पाय पोटरीपर्यंत भरलेले असत. ते दारापुढच्या छपरीत उभे, हातात पोतं. "पाय पुसजो," आई आतून ओरडायची. "पुसले," बाबा म्हणायचे. "अजून पुसजो." त्या सव्वा महिन्यात नातीला बघायला त्यांना जेवढे पाय पुसावे लागले, तेवढे देवदर्शनालाही कोणी धुतले नसतील.

एके दुपारी माझ्या बाजेशेजारी वरून थेंब पडला. मग दुसरा. आईनं भांडं ठेवलं नाही. लांब काठी आणली, वर मान करून एक कवेलू हलकेच ढोसला, मग त्याच्या बाजूचा, आणि कान देऊन उभी राहिली. थेंब थांबला. एका पोरीच्या आणि तिच्या पोरीच्या डोक्यावरचं अख्खं आभाळ या बाईनं काठीच्या टोकानं सरकवलं, असंच मला वाटलं.

"बंद झालं?" मी विचारलं.

"बंद काऊन होईन बाई? पान्याले नाई म्हनता येत नाई. त्याले रस्ता दाखवा लागते."

घराचा उतार मागच्या बाजूला, स्वयंपाकघराकडे होता. मला तेव्हा एवढंच कळलं की माझी खोली वाचली.

झड जरा ओसरली आणि एसटी सुरू झाली, तशा सासूबाई आल्याच. छत्री छपरीत, पाय दोनदा पुसून आत. नातीकडे त्यांनी नंतर बघितलं, आधी खोली बघितली. भिंतीला तळवा लावला. जमिनीवर पाय घासून पाहिला. दुपटं नाकाशी नेलं. आईनं बाजेखालून पापड काढला आणि त्यांच्या हातात दिला. रोज मोडून मोडून त्याची कोर उरली होती.

सासूबाईंनी तो दोन बोटांत धरला. मग मोडला. कट्ट! बाळ दचकून रडायला लागलं.

"अहो विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या, "आमच्या स्लॅबच्या घरात डब्यातला पापड सादळून राह्यला, अन् तुमचा बाजेखालचा मोडते!" आणि तिथंच बसून त्यांनी नातीला मांडीवर घेतलं. "होऊ द्या सव्वा महिना."

हात धुवायला म्हणून त्या स्वयंपाकघराकडे वळल्या, तर आई वाटेत आडवीच आली. "तुम्ही बसा, पाव्हन्या तुम्ही. मी पानी इथंच आनतो." मला वाटलं, विहिणीचा मान. सासूबाई चहा घेऊन पुढच्या गाडीनं समाधानानं परत गेल्या.

सव्वा महिना झाला. न्हाऊन माखून मी पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेले. आई त्या दिवसांत तिथंच झोपायची, चुलीजवळ ऊब असते म्हणून, असं तिनं सांगितलं होतं. कोपऱ्यात तिची गोधडी घडी करून ठेवली होती. मी हात लावला. पिळली असती तर पाणी निघालं असतं. त्या कोपऱ्यावर तीन ठिकाणी भांडी मांडलेली, तिन्ही भरत आलेली. भिंत कंबरेपर्यंत काळी पडलेली. काठीनं दाखवलेला रस्ता इथं येत होता.

कोनाड्यात त्या खोलीचा पापड होता. मी उचलला तर धुतलेल्या फडक्यासारखा हातावर लोंबला. कडेला बुरशी धरली होती. पण पापड अख्खा होता, गोल. सबंध झडीत त्याचा एकही तुकडा कोणी मोडला नव्हता.

"आई," मी म्हटलं, "हा तर पार लवला."

आईनं माझ्या हातातून तो घेतला आणि गाईच्या टोपल्यात टाकला.

"लवू दे," ती म्हणाली. "त्याले कोनं इचारलं होतं?"